चार पानं मनाची, एक ओळ हाताची

वाचकाचं पत्र (थोडक्यात; ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत):

मॅडम, सासूबाईंना मी आत्ती म्हणते. अडीच वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तेव्हापासून त्यांचं सगळं मीच बघते. अंघोळ, शी-शू, भरवणं, रात्री उठून कूस बदलणं. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहेत, शिफ्ट ड्यूटी. जाऊबाई पुण्यात असतात. रोज सकाळी ग्रुपवर ‘आईंची फार आठवण येते’ असा मेसेज टाकतात, दिवाळीत दोन दिवस येऊन गेल्या. गल्लीतल्या बायका म्हणतात, ‘अशी सून मिळायला नशीब लागतंय बघ.’ त्यांना काय माहीत माझ्या मनात काय येतं ते. रात्री उठताना वाटतं, आता सुटल्या तर बरं. तीन महिन्यांपूर्वी गोळ्या देताना मनात आलं, आणखी चार दिल्या तर? माझे हातपाय गार पडले. तेव्हापासून गोळ्या तीन-तीनदा मोजते, पाकीट शेजारच्या काकूंकडे ठेवते, तरी रात्री उठून बघून येते. मध्ये एकदा चादर बदलताना त्यांचा हात जोरात ओढला गेला, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. परवा एका प्रवचनात ऐकलं, की हात आवरून जो मनात विषय घोळवतो त्याला गीतेत ढोंगी म्हटलंय. त्या दिवसापासून अंबाबाईला गेले नाही. हात जोडायची लाज वाटते. लोकांना दिसते ती मी खरी, का मनातली ती खरी?
– एक सून, कोल्हापूर

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. ज्या प्रश्नाने तुमची झोप उडाली आहे त्याचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला राहणार नाही. गोळ्यांचा विचार मनात आला म्हणून तुम्ही वाईट ठरत नाही. ढोंगी तर मुळीच नाही. मात्र तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर मला थांबायचं आहे, आणि ती ओळ गोळ्यांची नाही. तिच्याकडे मी नंतर येते.

तुम्ही लिहिलंय, ‘मनात आलं.’ मराठीत आपण असंच बोलतो. शिंक आली, ठसका आला, ताप आला, तसाच विचार आला. ‘मी विचार केला’ हे आपण वेगळं म्हणतो. राग येतो, आणि राग धरतात. येणाऱ्या रागाबद्दल घरात कुणी फारसं बोलत नाही. धरलेल्या रागाबद्दल मात्र वर्षानुवर्षं बोललं जातं, कारण धरायला हात लागतो, इच्छा लागते. तुमच्या चार पानांत मी शोधत होते, की गोळ्यांचा विचार तुम्ही कुठे ‘केला’ आहे का. कुठे धरून ठेवलाय का, त्यात बरं वाटलंय का. नाही. तो आला, तुमचे हातपाय गार पडले, आणि तुम्ही पाकीट शेजारी नेऊन ठेवलंत. येणं त्याचं होतं. पाकीट नेऊन ठेवणं तुमचं होतं.

असे विचार येतात तरी का? दर पावसाळ्यात आपण सगळे राधानगरीच्या बातमीकडे कान लावून असतो. त्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की ते आपोआप उघडतात, कुणी बटण दाबत नाही. दरवाजे उघडले म्हणून कुणी धरणाला दुष्ट म्हणत नाही. पाणी किती साचलंय ते त्यावरून कळतं. तुमच्याकडे अडीच वर्षांचं पाणी साचलंय. सलग झोप नाही, सुट्टी नाही, बोलायला माणूस नाही. ‘आता सुटल्या तर बरं’ हा त्यातलाच एक उघडलेला दरवाजा आहे. आणि शब्द बघा, तुम्ही ‘सुटल्या’ म्हणालात. त्यात त्यांची सुटका आहे, तुमचीही आहे. तुमचीही आहे हे कबूल करायला लाजू नका.

गोळ्यांचा विचार थोडा वेगळ्या जातीचा आहे, आणि तोही तुमच्या एकटीचा नाही. शिवाजी पुलावर कठड्याशी उभं असताना ‘आत्ता उडी मारली तर?’ असं क्षणभर वाटून मागे सरकलेली माणसं या गावात कितीतरी असतील. तान्हं बाळ खांद्यावर घेऊन जिन्यात उभ्या असलेल्या आईच्या मनात ‘हातातून टाकलं तर?’ येतं, आणि ती बाळाला आणखी घट्ट धरते. १९७८ साली रॅकमन आणि डी सिल्वा या दोन मानसशास्त्रज्ञांनी साध्या, कुठलाही मानसिक आजार नसलेल्या माणसांना विचारलं, तेव्हा ऐंशी टक्क्यांच्या आसपास लोकांनी असे नकोसे, घाणेरडे, हिंसक विचार येतात असं सांगितलं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात १३ देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांना हेच विचारलं. मागच्या तीन महिन्यांत असा एकही विचार आला नाही म्हणणारे शंभरात जेमतेम सहा-सात निघाले.

मग बाकीच्यांची झोप का उडत नाही? कारण ते ‘काहीतरीच आलं मनात’ म्हणून भाजी निवडायला लागतात. तुम्ही मात्र तो विचार म्हणजे अर्धा केलेला गुन्हाच समजलात. त्याला हाकलायला लागलात, आणि हाकललेला विचार जास्तच घिरट्या घालतो. १९८७ साली डॅनियल वेग्नर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने काही जणांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. तुमचं गोळ्या मोजणं ही तीच घंटी आहे. एकदा मोजल्यावर हायसं वाटतं, दहा मिनिटांनी शंका परत येते, परत मोजता. आपल्याकडे याला मंत्रचळ म्हणतात आणि हसून सोडून देतात. हसण्यासारखं त्यात काही नाही. तो आजाराच्या दिशेने चाललेला रस्ता आहे, आणि त्यावर चांगले उपचार आहेत, औषधाचे आणि औषधाशिवायचेही. तीन महिने रोज असं होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना एकदा दाखवाच. सीपीआर या सरकारी रुग्णालयात विचारलं तरी पुढची वाट कळेल. तिथे ‘गोळ्या मोजते’ एवढंच सांगून थांबू नका. कोणता विचार येतो म्हणून मोजता, तेही सांगा. त्यांनी तो शेकडो वेळा ऐकलेला असतो. मोजणं एकदम बंद करू नका, ते कसं कमी करायचं हे त्यांच्याकडूनच शिका.

आपल्या पंचगंगेला पुराच्या दोन रेघा आहेत, ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. तुम्ही आज पहिल्या रेघेवर आहात असं पत्रावरून मला वाटतं. दुसरी रेघ कोणती ते सांगून ठेवते. त्या विचाराची भीती वाटायची थांबली, उलट त्यात शांत वाटू लागलं. कधी आणि कसं याची मनात जुळवाजुळव सुरू झाली. किंवा स्वतःलाच संपवावं असं वाटलं, तर त्याच घटकेला घरातल्या माणसाला उठवा आणि १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर फोन करा. सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. हे वाचून ‘माझंही तसंच होणार’ म्हणून घाबरू नका. रेघ माहीत असलेली बरी, म्हणून सांगितलं.

आता प्रवचनाचं. तो गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला सहावा श्लोक आहे, ‘कर्मेन्द्रियाणि संयम्य य आस्ते मनसा स्मरन्’. त्यातला ‘आस्ते’ हा शब्द बघा. आस्ते म्हणजे बसतो. जो हातपाय आवरून बसून राहतो आणि मनातल्या मनात विषयांची गोडी चाखतो, त्याला तिथे मिथ्याचारी म्हटलंय. अर्जुन रणांगणावर काम टाकून निघायच्या बेतात आहे, त्याला हे सांगितलं जातंय. काम सोडून विरक्तीचा आव आणणाऱ्याबद्दलचा श्लोक तुम्ही स्वतःला लावून घेतलात! अडीच वर्षांत तुम्ही बसलात कधी? आणि गोळ्यांच्या विचाराची तुम्ही गोडी चाखलीत की त्याने थरकापलात? पुढे सहाव्या अध्यायात अर्जुनच म्हणतो, की मन फार चंचल आहे, त्याला आवरणं वाऱ्याला आवरण्याइतकं अवघड वाटतं. कृष्ण त्याला ढोंगी म्हणत नाही. ‘असंशयं’ म्हणतो. म्हणजे खरंय तुझं, यात शंका नाही. आणि मग अभ्यासाने ते ताब्यात येतं, असं सांगतो. प्रवचनकारांनी हेही सांगितलं असेल. तोवर तुम्ही बहुतेक रडत असाल.

याचा अर्थ मनाला काही किंमतच नाही असं मी म्हणत नाही. गाडीखाली माणूस सापडणं आणि गाडी अंगावर घालणं यात कायदासुद्धा फरक करतो, आणि तो फरक मनातल्या हेतूचा आहे. पण हेतू म्हणजे ठरवणं. मनात उठून गेलेल्या लाटेला कुठलंही न्यायालय हेतू म्हणत नाही. आपलं मन आपण कुठे लावतो, काय घोळवतो, कशाला खतपाणी घालतो, याची जबाबदारी आपलीच. जाऊबाईंबद्दलचा राग तुम्ही असा घोळवत आहात का, एवढं मात्र तपासा. पत्रात त्यांचा मेसेज तुम्ही पाच वेळा लिहिलाय. तो मेसेज खोटा असेल असं मला वाटत नाही. त्यांना आठवण खरंच येत असेल. पण आठवणीने कूस बदलत नाही. आणि त्यांच्याकडे तुम्ही मदत नेमक्या शब्दांत मागितल्याचंही पत्रात कुठे नाही.

हाताने केलेल्या गोष्टीला मनापेक्षा जास्त मोल का द्यायचं, हे या गावात मी वेगळं सांगायची गरज नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात शाहू महाराज स्वतः जाऊन चहा घ्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावायचे. त्या मंडळींपैकी काहींच्या मनात तो कप ओठाला लावताना काय काय आलं असेल! पिढ्यान्‌पिढ्यांची शिवाशीव एका घोटात धुऊन जात नाही. तरी चहा प्यायला गेला, भर रस्त्यावर, लोकांसमोर. मन आधी स्वच्छ होऊ दे, मग पिऊ, असं म्हणत बसले असते तर ते हॉटेल रिकामंच राहिलं असतं. मन मागून येतं, कधी उशिरा येतं, कधी कुरकुरत येतं. मला तर वाटतं, मन ‘नको’ म्हणत असताना रात्री दोन वाजता तुम्ही उठता, ते उठणंच सगळ्यात जास्त तुमचं आहे. आनंदाने उठणाऱ्याला आनंदच उठवतो. तुम्हाला कोण उठवतं?

आता ती ओळ. ‘चादर बदलताना त्यांचा हात जोरात ओढला गेला, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.’ चार पानांत या प्रसंगाला तुम्ही एक ओळ दिली. जे घडलंच नाही त्याच्यासाठी तुम्ही देवीपुढे जायचं सोडलंत, आणि जे घडलं ते ‘ओढला गेला’ म्हणून पुढे गेलात. मी हे तुम्हाला टोचायला लिहीत नाही. हे मला ओळखीचं आहे.

माझे वडील शेवटचे सात महिने अंथरुणावर होते. कामावरून केएमटीने घरी येताना मनात यायचं, बस आज उशिरा पोचू दे, म्हणजे तोवर आई त्यांचं सगळं आवरून ठेवेल. या एका विचारासाठी मी स्वतःला कितीतरी वर्षं कोसलं. पण त्या सात महिन्यांत दोन वेळा मी खरोखरच एक स्टॉप आधी उतरले होते आणि अर्धा तास एका कट्ट्यावर बसून राहिले होते, ते मात्र कधी आठवायचंच नाही. वडील गेल्यावर चौथ्या वर्षी ते आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘एकदा मला सांगून बसली असतीस तर मीही आले असते.’ विचाराबद्दल बोलून मला कधी हलकं वाटलं नव्हतं. त्या कट्ट्याबद्दल बोलल्यावर वाटलं.

म्हणून आधी तो हात. अर्धांगवायूत खांद्याचे स्नायू सैल पडतात, सांधा जागेवरून सरकू शकतो. तुम्ही ओढला तो उजवा हात असेल आणि खांदा हलवताना आत्तींच्या चेहऱ्यावर अजून कळ दिसत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. यापुढे लुळा हात धरून त्यांना वळवायचंच नाही. एक हात पाठीमागून खांद्याच्या फऱ्याला, दुसरा कमरेला, असं वळवायचं. अंगाखाली एक आडवी घडीची चादर कायम ठेवली तर माणसाला न ओढता चादर ओढून सरकवता येतं. फिजिओथेरपिस्टला एकदा घरी बोलावलंत तर ते तुम्हाला आणि मिस्टरांना, दोघांनाही दाखवतील. दोघांनाही, हे मी मुद्दाम म्हणते आहे. हवेची गादी नसेल तर तिचंही त्यांनाच विचारा.

मग त्यांच्याशी बोला. बोलणं गेलं म्हणजे समजणं गेलंच असं नाही, आणि ज्या बाईच्या डोळ्यांत त्या वेळी पाणी आलं तिला बरंच समजत असणार. भरवून झालं, तोंड पुसलं, की हात हातात घेऊन सांगा: ‘आत्ती, त्या दिवशी तुमचा हात ओढला. दुखलं तुम्हाला. चुकलं माझं.’ बस, एवढंच. गोळ्यांचं त्यांना सांगू नका. ते डॉक्टरांसाठी आहे. आणि पुन्हा कधी हात गरम झाल्यासारखे वाटले, तर वाटी खाली ठेवा, त्या पडणार नाहीत एवढं बघा आणि दोन मिनिटं बाहेर जा. पेज थोडी गार झाली तर चालते.

मिस्टरांना बसवून सांगा. भांडताना सांगू नका, आणि रात्रपाळी करून आल्या आल्याही नको. आठवड्यातल्या दोन रात्री आत्तींकडे त्यांनी उठायचं. ‘मला काय जमतंय ते’ असं ते म्हणाले तर फिजिओथेरपिस्ट येतील त्या दिवशी त्यांना घरी थांबवा. भट्टीवर वितळलेलं लोखंड सांभाळणाऱ्या माणसाला म्हातारीची कूस बदलता येते, त्यांच्या आईचीच तर आहे. जाऊबाईंना ग्रुपवर नाही, वेगळा फोन करा: ‘आईंची आठवण येते ना तुम्हाला, मग मे महिन्यात आठ दिवस या. नाही जमलं तर रात्रीच्या बाईचे महिन्याचे पैसे निम्मे तुम्ही द्या.’ त्या काय म्हणतात ते ऐकून घ्या. हो म्हणाल्या तर त्या आठ दिवसांत त्यांच्या कामात चुका काढू नका. त्यांचेही हात आधी चुकतीलच.

अंबाबाईला कधी जायचं ते तुम्ही ठरवा. माफी मागायला म्हणून जाऊ नका. पाय मोकळे करायला, महाद्वार रोडवर बांगड्या बघायला म्हणून जा आणि वाटेत देऊळ लागलं तर आत शिरा.

आणखी एक. चार पानांत आत्तींची अंघोळ, गोळ्या, चादर सगळं आलं, पण झटका यायच्या आधी त्या कशा होत्या हे कुठेच नाही. त्यांच्या हाताला कशाची चव होती, तुमच्यावर त्या कधी रागावल्या होत्या, तुम्ही नवी नवरी म्हणून आलात तेव्हा पहिल्या रात्री काय म्हणाल्या होत्या. पुढचं पत्र लिहाल तेव्हा ते लिहा. मी वाट बघते.